'साइन' या शब्दाची व्युत्पत्ती

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस :
१. उसना शब्द व भाषांतरित शब्द यांतील भेद सांगता येईल.
२. व्युत्पत्ती ठरविताना केवळ ध्वनिसाम्य का पुरत नाही, हे स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन
शालेय भूमितीत वर्तुळाची 'जीवा' आपण अभ्यासली आहे. त्रिकोणमितीत 'साइन' हा इंग्रजी शब्द भेटतो. पहिला आपला व दुसरा परका, अशी आपली समजूत असते. परंतु दुसऱ्याच्या इतिहासात पहिलाच दडलेला आहे.

संस्कृतात 'ज्या' व 'जीवा' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी असा आहे. वर्तुळाचा कंस धनुष्य मानल्यास त्याची टोके जोडणारी रेषा ही दोरी ठरते. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने 'आर्यभटीया'त गणनेसाठी अर्धी दोरी, म्हणजे 'अर्धज्या' वापरली. पुढे संक्षेपाने तिलाच 'ज्या' किंवा 'जीवा' म्हटले जाऊ लागले.

आठव्या शतकात भारतीय ज्योतिर्गणित बगदादला पोचले. अरबी पंडितांनी 'जीवा'चे भाषांतर न करता तिचा ध्वनीच उचलला व 'जीबा' असा शब्द केला. ही शब्दाची उसनवारी होय. अरबी लेखनात सर्व स्वर दाखविले जात नाहीत. त्यामुळे हा अपरिचित शब्द पुढे 'जैब' असा वाचला गेला. 'जैब' म्हणजे वस्त्राचा छातीजवळचा घोळ. हिंदीतील 'जेब' हा फारसीमार्गे आलेला तोच शब्द आहे.

बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी 'जैब'चा अर्थ घेऊन 'सिनुस' (घोळ, खळगा) हा शब्द योजला. त्यापासून इंग्रजी 'साइन' झाला. नाकालगतच्या पोकळ्यांना लावला जाणारा 'सायनस' हा शब्दही 'सिनुस'च होय.

म्हणून 'साइन हा संस्कृत शब्द आहे' हे विधान नेमके नाही. 'जीवे'चा एकही ध्वनी त्यात उरलेला नाही. उरली आहे ती संकल्पना. नुसत्या उच्चारावरून नाते जुळविणाऱ्यास हा संबंध कधीच सापडला नसता. तो हस्तलिखितांनी व भाषांतरांनी सिद्ध होतो.

सारांश
शब्द ध्वनीने, अर्थाने, प्रसंगी चुकीच्या वाचनानेही प्रवास करतो. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने प्रत्येक टप्प्याचा पुरावा तपासला पाहिजे.

स्वाध्याय
'जीबा' व 'सिनुस' यांपैकी उसना शब्द कोणता व भाषांतरित शब्द कोणता, ते सकारण लिहा.