गावकीची खोली आणि लालबागची सरासरी

मी नाट्याचा. होस्टेलवर गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे जैतापूरजवळ का रे?" पण आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर त्यांना सगळ्यात जवळचं गाव म्हणजे लालबाग! २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. कारण उघड आहे. पुरुष मुंबईला, मनीऑर्डर गावाला.

आजोबा गिरणीत साच्यावर होते. राहायचे गावकीच्या खोलीत. खोली एक, माणसं वीसेक, झोपायचं पाळीप्रमाणे आणि जेवण खानावळीत. गिरणगावात कोकणी होते, घाटावरचे होते, तेलंगणातले पद्मशाली होते, उत्तरेतले मुसलमान विणकर होते. सगळे एकत्र राबले हे खरं, पण सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे जात थेट पगारपत्रकात!

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बाकी इतिहास आपण ऐकलेला आहेच. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: महापालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरं आणि मालकाचा हिस्सा. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू केली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. गिरणीखालची जमीन वाटणीतून सुटली. मग मॉल, टॉवर.

आता आपला विषय. समजा एका चाळीत दहा घरं, प्रत्येकाचं उत्पन्न महिना १० हजार. दोन घरं गेली, त्यांच्या जागी लाखवाले दोघे आले. सरासरी झाली २८ हजार. पेपरात येणार, "विभागाची भरभराट." उरलेल्या आठ जणांच्या खिशात एक रुपया वाढलेला नाही, मध्यक अजून १० हजारच. आणि जे दोघे गेले ते तर हिशोबातच नाहीत. मॅथ्स थ्रीमध्ये घासलेलं स्टॅटिस्टिक्स मला इथे पहिल्यांदा कळलं, हे सरांनी मनावर घेऊ नये.

आमच्या खोलीची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आहे. टॉवरमध्ये जागा मिळणार, पण मेंटेनन्स कोण भरणार? मे महिन्यात वाडीची सभा बसली. अर्धे म्हणाले विकून टाका, देवळाचं काम होईल. आजोबा म्हणाले, "उद्या पोरगो नोकरीक गेलो तर उतरतलो खंय?" पोरगो म्हणजे मी. कोणी काही बोललं नाही. सभा तहकूब झाली, आता गणपतीत पुन्हा बसायची आहे.