कोंबड्यांचा संकर आणि अंड्याच्या कवचाचा रंग
(सामान्य विज्ञान : वरच्या प्राथमिक वर्गांसाठी पाठ-मार्गदर्शन)

पाठाचे प्रयोजन

खेड्यातील मुलांना कोंबडी नित्य परिचयाची असते. खुराड्यातील अंडी गोळा करणे, खुडूक कोंबडीला रवणात बसविणे, पिल्ले डालग्याखाली झाकणे ही कामे बहुधा मुलांच्याच वाट्याला येतात. तथापि एका कोंबडीचे अंडे पांढरे व दुसरीचे तांबूस का, याचा विचार त्यांनी केलेला नसतो. या साध्या प्रश्नातून आनुवंशिकतेचे मूलतत्त्व उत्तम रीतीने शिकविता येते. त्याला व्यवहाराचीही बाजू आहे. तांबूस अंडे ‘गावठी’ म्हणून बाजारात अधिक दराने खपते. म्हणून आपल्या कोंबड्यांत परक्या जातीचा कोंबडा आणणाऱ्या कुटुंबास या नियमांचे ज्ञान असणे हिताचे आहे.

साहित्य

तांबूस व पांढऱ्या अंड्यांची कवचे, लिंबाचा रस, चाळीस चिंचोके, चाळीस पांढरे वाल व दोन पिशव्या.

विषय-विवेचन

अंडे तयार होण्यास कोंबडीच्या शरीरात सुमारे २५ तास लागतात. त्यांपैकी जवळजवळ २० तास कवच घडण्यात जातात. कवच मुख्यतः चुनखडीच्या द्रव्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते व त्याचा मूळ रंग पांढरा असतो. व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी त्यात रंग मिसळत नाही. ऱ्होड आयलंड रेड जातीची कोंबडी मात्र अंडे बाहेर पडण्यापूर्वीच्या अखेरच्या काही तासांत कवचावर तांबूस रंगद्रव्याचा थर चढविते. या द्रव्यास प्रोटोपॉर्फिरिन म्हणतात.

येथे शिक्षकांनी तांबूस कवच फोडून त्याची आतील बाजू दाखवावी. ती फिकट, जवळजवळ पांढरी दिसते. नंतर कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात ठेवावा. बुडबुडे येतात व काही वेळाने वरचा तांबूस थर बोटाने पुसता येतो. रंग वरून दिलेला आहे, हे मुलांना यावरून पटते.

निळसर कवचाची गोष्ट निराळी. चिली देशातील अराउकाना कोंबडीची अंडी निळसर असतात व हा रंग कवचात आरपार मुरलेला असतो. अशा जातीचा तांबूस अंडी देणाऱ्या जातीशी संकर केला, तर मुलींच्या निळ्या कवचावर तांबूस थर चढतो व अंडे शेवाळी हिरवे दिसते.

कोंबड्याचा वाटा

गावात अशी समजूत आढळते की, कोंबडा बदलला की अंड्यांचा रंग लगेच बदलतो. ही समजूत चुकीची आहे. कवच कोंबडीच्या शरीरात घडते. त्याचा रंग तिच्या स्वतःच्या वंशावर अवलंबून असतो. कोंबड्याचा अंश अंड्याच्या आतील जीवबीजात असतो. त्या बीजातून निघालेली तलंग मोठी होऊन अंडी घालू लागली, म्हणजे बापाकडून आलेला गुण प्रथमच कवचावर दिसतो. कोंबडा स्वतः अंडी घालीत नसला, तरी आपल्या आईचा गुण मुलींस पोहोचवितो, हे मुलांना आवर्जून सांगावे.

रंग पुढे कसा जातो

निळ्या रंगाचा नियम सरळ आहे. तो एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, हे रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ साली दाखविले. पुढे २०१३ साली असे आढळले की, प्राचीन काळी एका विषाणूचा अंश कोंबडीच्या जनुकांत शिरून राहिल्यामुळे हा रंग निर्माण झाला. आणि चिलीतील व चीनमधील जातींत ही घटना स्वतंत्रपणे घडली.

हा नियम खेळातून शिकवावा. प्रत्येक पिशवीत वीस चिंचोके व वीस वाल घालावेत. चिंचोका म्हणजे निळ्या रंगाचे जनुक व वाल म्हणजे त्याचा अभाव. एक पिशवी आईची, दुसरी बापाची. प्रत्येक मुलाने न पाहता दोन्हींतून एकेक बी काढावे, जोडी फळ्यावर नोंदवावी व बिया परत टाकाव्यात. जोडीत एक जरी चिंचोका असला, तरी ती तलंग निळी अंडी देणारी समजावी. पुष्कळ जोड्या नोंदविल्या, म्हणजे सुमारे तीन निळ्यांस एक पांढरी असे प्रमाण दिसू लागते. थोड्या जोड्यांत ते तंतोतंत येणार नाही, हेही सांगावे.

तांबूस रंग अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाने येतो. म्हणून लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड यांच्या संकरातील तलंगांची अंडी बहुधा मधल्या, फिकट बदामी छटेची असतात. या तलंगांचा त्यांच्याच संकरित भावंडांशी संयोग झाल्यास पुढच्या पिढीत फिकट व गडद अशा नाना छटा दिसतात. दुधात पाणी मिसळावे तसे गुण एकमेकांत विरून जात नाहीत, हे यावरून ध्यानी येते.

व्यवहारातील उपयोग

समजा, एका कुटुंबाने गावठी कोंबड्यांत लेगहॉर्न कोंबडा आणला. जुन्या कोंबड्यांची अंडी पूर्वीसारखीच राहतील. नव्या तलंगा अधिक अंडी देतील, परंतु ती फिकट असतील व गावठीचा दर कदाचित मिळणार नाही. लेगहॉर्न जात क्वचितच खुडूक होते. त्यामुळे रवणात बसण्याचा गुणही या तलंगांत उणावण्याचा संभव असतो. ज्या घरी पिल्ले कोंबडीखालीच उबविली जातात, तेथे ही हानी लहान नव्हे. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणल्यास तांबूस छटा टिकते. काय हवे हे आधी ठरवून मग कोंबडा निवडावा.

ग्राहकानेही सावध असावे. कवचाच्या रंगाने अंड्याचे पोषणमूल्य बदलत नाही. बलकाचा पिवळेपणा मका, हिरवा पाला इत्यादी खाद्यावर अवलंबून असतो. मोठ्या कुक्कुटशाळांतील संकरित कोंबड्याही तांबूस अंडी देतात. तेव्हा तांबूस अंडे गावठीच असते असे नाही. पांढरी अंडी रंगवून गावठी म्हणून विकण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत.

शिक्षकांसाठी सूचना

पांढरी कानपाळी असलेल्या कोंबडीची अंडी पुष्कळदा पांढरी असतात, परंतु हा पक्का नियम नव्हे. पिसांवरून वा मांसावरूनही अनुमान काढू नये. झाबुआ भागातील कडकनाथ कोंबडीचे मांस काळे असते, अंडे मात्र फिकट तपकिरी असते. तसेच वय वाढल्याने, दीर्घकाळ अंडी दिल्याने किंवा भेदरल्याने त्याच कोंबडीचे तांबूस अंडे फिकट होऊ शकते. म्हणून एका अंड्यावरून वंशाचा निर्णय करू नये.

स्वाध्याय

१. कोंबडा बदलल्यावर अंड्याचा रंग लगेच का बदलत नाही?
२. तांबूस कवचाची आतील बाजू फिकट का असते?
३. घरातील प्रत्येक कोंबडीच्या पायात निरनिराळ्या रंगाचा दोरा सैल बांधावा. तिची आई, बाप व अंड्याची छटा यांची वर्षभर वहीत नोंद ठेवावी. वर्षअखेर सर्व वह्या वर्गात एकत्र वाचून आई-मुलींच्या अंड्यांत कोणते साम्य व कोणता फरक आढळला, ते मुलांनीच सांगावे.