झाशीत घरच्या घरी टेम्पे

गणपती उठले की झाशीची हवा टेम्पेला मानवते, तेव्हा आता लावूनच टाकू. टेम्पे ही मूळची इंडोनेशियाची: शिजलेल्या सोयाबीनवर खाण्याची पांढरी बुरशी वाढवून जमवलेली घट्ट वडी. सोयाबीनने ज्यांच्या पोटात गॅस धरतो, त्यांनी ती जरूर करून बघावी. गॅस करणाऱ्या शर्करा या सगळ्या खटाटोपात बऱ्याच कमी होतात, आणि आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना लागणारा चोथा शिल्लक राहतो.

आधी ओट्यावर मांडा: अर्धा किलो सोयाबीन, ३ मोठे चमचे व्हिनेगर, टेम्पेचं विरजण, झिपच्या २-३ पिशव्या, जाड सुई, स्वच्छ पंचा. सोयाबीन खाण्याचंच घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. विरजण ऑनलाइन मागवा. दह्याचं विरजण इथे चालत नाही.

१. सोयाबीन निवडून धुवा.

२. तिप्पट पाण्यात रात्रभर भिजवा. उकाडा असेल तर पाणी एकदा बदला.

३. दाणे पाण्यातच दोन्ही हातांनी चोळा, म्हणजे साल सुटून डाळ होईल.

४. तरंगणारी सालं पाण्याबरोबर ओतून द्या. पुन्हा चोळा, पुन्हा ओता. कंटाळू नका, सालं राहिली तर बुरशी दाण्यात नीट शिरत नाही.

५. ताज्या पाण्यात, उघड्या पातेल्यात पाऊण ते एक तास उकडा. कुकर नको, फेस आणि सालं शिट्टीत अडकतात. दाणा चेपला जावा, पण लगदा होऊ नये.

६. शेवटच्या पाच मिनिटांत व्हिनेगर घाला.

७. चाळणीत निथळा.

८. पंच्यावर पसरून पंख्याखाली वाळवा. सगळं यश इथेच आहे! दाणा वरून कोरडा लागेपर्यंत हलवत राहा. ओल राहिली की बुरशीआधी जिवाणू माजतात आणि सगळं बुळबुळीत होतं.

९. तोवर पिशव्यांना दोन्ही बाजूंनी, दर सेंटीमीटरभर अंतरावर सुईने भोकं पाडा.

१०. दाणे हाताला जेमतेम कोमट लागू द्या. गरम दाण्यांवर विरजण मरतं.

११. पाकिटावर अर्ध्या किलोला जेवढं सांगितलंय तेवढं विरजण भुरभुरून कोरड्या चमच्याने सगळीकडे लावा.

१२. पिशव्या भरून थर दोन सेंटीमीटर जाड, सपाट करा. जाड थर आतून तापून बिघडतो.

१३. पिशव्या जाळीवर, ३० ते ३२ अंशांच्या जागी ठेवा, खालूनही हवा लागली पाहिजे. जानेवारीत थर्मोकोलच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवा आणि झाकण किलकिलं राहू द्या. मे-जूनच्या लूमध्ये मात्र हा घाट घालूच नका.

१४. बारा तासांनंतर हात लावून बघत राहा. पिशवी आपणहून गरम लागली की बाटली काढून घ्या.

१५. २४ ते ४८ तासांत पांढऱ्या थराने दाणे घट्ट बांधले गेले की पिशवी उचला. भोकांजवळचे राखाडी-काळे ठिपके चालतात. गुलाबी, नारिंगी, हिरवा रंग, तार किंवा कुजका वास आला तर सगळं फेका. तेवढाच भाग कापून उरलेलं खाऊ नका.

१६. वडी १५ मिनिटं वाफवा, म्हणजे आंबणं थांबेल. लगेच खायची नसेल तर गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

१७. पातळ कापं करून तेलावर लसूण, तिखट, मीठ घालून खमंग परता.

१८. पहिल्या दिवशी दोन-तीनच कापं घ्या, सोबत ताक. शिजवल्यावर टेम्पेतलं जिवंत काही उरत नाही, जिवंत जिवाणू ताकातून येऊ देत. सोयाची ॲलर्जी असलेल्याच्या पानात हे वाढू नका, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.