मन चिंती ते वैरी न चिंती

मे महिन्यात पुण्याहून आईचा फोन आला. पाऊण तास गप्पा झाल्या. भाचीचा निकाल, शेजारचं लग्न, आंब्याची पेटी आणि जाता जाता, "बाबांना जरा खोकला आहे." फोन ठेवला तेव्हा डोक्यात राहिला फक्त खोकला! ऑफिसात त्या आठवड्यात नोकरकपातीची कुजबूज होती, मी आधीच धास्तावलेला.

तुमचंही असं होतं ना? मग हा प्रयोग वाचाच.

१९८६ साली आपल्या टूटिंगच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमधील कॉलिन मॅक्लाउड, अँड्र्यू मॅथ्यूज आणि फिलिप टाटा यांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. स्क्रीनवर अर्धा सेकंद दोन शब्द दिसतात, एक वर, एक खाली. एक साधा, दुसरा भीतीचा. शब्द गेले की एकाच्या जागी ठिपका येतो. दिसला की बटण दाबायचं. लक्ष जिथे आधीच असतं तिथला ठिपका लवकर दिसतो. चिंताग्रस्त रुग्णांना भीतीच्या शब्दाच्या जागचा ठिपका लवकर दिसला. इतरांचं लक्ष उलट त्या शब्दापासून दूर सरकत होतं.

डिप्रेशनचं थोडं वेगळं. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की उदास मन दुःखाकडे झटकन वळतं असं नाही, पण एकदा वळलं की तिथून हलत नाही. थोडक्यात, काळजी धोका हेरते आणि उदासी दुःख धरून बसते. अर्थात हे गटाच्या सरासरीवरून कळतं. एकेका माणसाचं मोजमाप करायला ही चाचणी भरवशाची नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉग फाइलमध्ये फक्त 'एरर' शोधतो, तेव्हा हजारो ठीकठाक ओळी दिसतच नाहीत. त्या असतात मात्र! मूड हा तसाच फिल्टर.

दुसऱ्या दिवशी मी परत फोन लावला. "आई, काल काय काय सांगितलंस ते पुन्हा सांग." ती म्हणाली, "अरे, डॉक्टरांकडे जाऊन आले, औषध चालू आहे, घाबरायचं कारण नाही. कालच सांगितलं की!" ते वाक्य मी ऐकलंच नव्हतं.

म्हणून मन अस्वस्थ असताना ऐकलेली बातमी एकदा पुन्हा ऐकावी. आणि हा फिल्टर आठवडेच्या आठवडे निघत नसेल, तर मनात ठेवू नका, बोला. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीसाठी जी.पी.कडे न जाता थेट नाव देता येतं. सॅमरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. खोकल्याला औषध घेतोच की आपण!