रक्ताची तेरीज : संशयापासून निदानापर्यंत

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय विषयावर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु रक्ततपासणीचा अहवाल हा मुळात आकड्यांचा कागद आहे, आणि आकड्यांचे कागद वाचण्याचेच शिक्षण आम्हांला मिळते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात हा कागद इंग्रजीत येतो, सरकारी रुग्णालयातला अर्ज कन्नडमध्ये असतो आणि आजारी माणूस व त्याच्या घरचे लोक मराठीत विचार करीत असतात. अशा वेळी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ‘काय लिहिलंय ते वाचून सांग’ म्हणून पुढे केले जाते. त्याने निदान सांगू नये, हे उघडच आहे. पण डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारावा, एवढे तरी त्याला ठाऊक असावे.

सीबीसी ही रक्तपेशींची एकूण मोजदाद होय. प्रौढ माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ व स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली गेले की पांडुरोग समजतात. पुष्कळांची समजूत अशी, की पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे रक्ताचा कर्करोग आणि वाढल्या नाहीत म्हणजे आपण सुटलो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. साध्या न्यूमोनियातही त्या वाढतात. उलट तीव्र ल्युकेमियात कधी कधी एकूण आकडा कमी किंवा अगदी योग्य असतो आणि बिघाड आत दडलेला असतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे होत नाही, हे आपण अकरावीतच शिकतो. एका खात्याची रक्कम चुकून दुसऱ्या खात्यावर खतावली, तरी तेरीज जुळतेच!

म्हणून एकूण आकड्यानंतरचा पहिला प्रश्न हा, की रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहे काय? या तपासणीला ‘पेरिफेरल स्मिअर’ म्हणतात. यंत्र बेरीज करते. पॅथॉलॉजिस्ट एखाद्या हिशेबतपासनिसाप्रमाणे एकेक व्हाउचर उघडून पाहतो. ‘ब्लास्ट’ नावाच्या अपक्व पेशी निरोगी माणसाच्या वाहत्या रक्तात दिसत नाहीत. रक्तात किंवा अस्थिमज्जेत त्यांचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक भरले, तर सामान्यतः तीव्र ल्युकेमिया मानतात. ही तपासणी स्वस्त आहे व तालुक्याच्या ठिकाणीही होण्यासारखी आहे. अहवालात तिचा उल्लेख नसेल, तर ती मागून घ्यावी.

तिन्ही प्रकारच्या पेशी कमी झाल्या तरी लगेच धीर सोडण्याचे कारण नाही. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही तसे होते, आणि आपल्या देशात हे कारण मुळीच दुर्मिळ नाही. मात्र इंजेक्शन घेण्यापूर्वी बी-१२ मोजण्यासाठी रक्ताचा नमुना दिलेला असावा. याहून मोठा धोका स्टिरॉइडचा. ताप हटत नाही, मानेत गाठी आहेत, अंग दुखते, म्हणून कोणी स्टिरॉइड दिले, तर लिम्फोमा किंवा काही ल्युकेमियांतील रोगट पेशी तात्पुरत्या विरून जातात. रुग्णाला बरे वाटते, घरचे डॉक्टरांचे गुण गातात आणि निदानाचा पुरावाच नाहीसा होतो. गाठीवर नुसत्या अंदाजाने क्षयाची औषधे महिनोन्‌महिने चालविणे, हाही त्याच जातीचा प्रकार. गाठ असेल तर ती काढून तपासावी, हा सरळ मार्ग.

आता अस्थिमज्जेच्या तपासणीविषयी. आमच्या गल्लीतील एका मामांना ती करण्यास सांगितले, तेव्हा घरच्यांनी पंधरा दिवस नकार दिला. कारण काय, तर ‘मज्जा काढल्यावर माणूस लुळा पडतो’! माझ्या मते हा घोटाळा थोडा आपल्या भाषेने केलेला आहे. मराठीत पाठीच्या कण्यातील दोरीला आपण मज्जारज्जू म्हणतो आणि हाडाच्या पोकळीतील रक्त तयार करणाऱ्या मऊ भागाला अस्थिमज्जा. शब्द एक, वस्तू दोन. कन्नडमध्ये पहिलीला ‘बेन्नुहुरि’ व दुसरीला ‘मूळे मज्जे’ म्हणतात, त्यामुळे तेथे गोंधळास फारशी जागा नाही. ही तपासणी कण्यातील दोरीपासून दूर, कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून करतात. दुखते, पण बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. मामांना शेवटी हे पटले ते त्यांच्या कन्नड शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी? तर रोगाचे नेमके नाव कळावे म्हणून. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात एक लहान झालेले गुणसूत्र आढळले. १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखविले, की तो दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांचा अदलाबदलीचा व्यवहार आहे. त्यातून निपजणाऱ्या दोषी प्रथिनाला रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा ८ ते १० हजार, असे आकडे तेव्हा सांगितले जात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला व स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. पण ही गोळी प्रत्येक ल्युकेमियावर चालत नाही. ‘बीसीआर-एबीएल’ ही तपासणी झाल्याखेरीज ती कोणाला द्यावी हे ठरत नाही.

राहिला प्रश्न पुढे पाठविण्याचा. अशा रुग्णाने हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाकडे जावे. स्मिअरमध्ये ब्लास्ट दिसले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, किंवा पांढऱ्या पेशी फार कमी असून ताप असला, तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन थांबू नये. स्थानिक डॉक्टरांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाला फोन करण्यास सांगावे. शिफारसीची चिठ्ठी एका ओळीची नसावी. ताप केव्हापासून, वजन किती घटले, प्लीहा हाताला लागते काय, कोणत्या तारखेला कोणता आकडा होता आणि आतापर्यंत कोणती औषधे दिली, हे त्यात असावे.

चिठ्ठीला पैशाचीही बाजू आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. इतरांना खर्चाच्या ३० टक्के, कमाल दीड लाखापर्यंत मदत आहे. पण तातडीचा प्रसंग सोडल्यास खासगी रुग्णालयासाठी आधी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. ती न घेता गेलेला माणूस बिलाच्या खिडकीपाशी अडतो.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा बंगळूरच्या किडवई संस्थेत जायचे असेल, तर नुसते अहवाल पुरत नाहीत. तेथील तज्ज्ञ मूळ काचपट्ट्या स्वतः पाहतात. तेव्हा काचपट्ट्या व गाठीच्या तुकड्याचा मेणातील ठोकळा ही दोन्ही प्रयोगशाळेकडून मागून घ्यावीत. ठोकळा एकच असतो, म्हणून तो टपालाने न पाठविता घरच्या माणसाने हातात न्यावा, आणि तेथे जमा करताना पोच घ्यावी.