राहून गेलेले पुस्तक

कित्येक घरांत असे एखादे पुस्तक असते, की त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण ते कोणीच वाचलेले नसते. ‘दिवाळीत वाचू’, ‘सुगी आटोपली की वाचू’, असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी पुष्कळांच्या बाबतीत असेच एक राहून गेलेले पुस्तक आहे.

तुळजापूर तालुक्यातील अणदूरसारख्या गावी याला आणखी एक कारण होते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दूच होते. त्यामुळे जुन्या पिढीला मराठी ग्रंथांचा सहवास थोडाच लाभला. पुढे संस्थान मुक्त झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पुस्तके हाती येऊ लागली. परंतु जाड कादंबरी पाहून मन कचरायचे ते कचरतच राहिले.

वास्तविक या जाडीला भिण्याचे कारण नाही. आपट्यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्यातून ही कादंबरी थोडी थोडी प्रसिद्ध होत १८९३ साली पुरी झाली. एक भाग वाचावा आणि पुढच्या भागासाठी थांबावे, हीच पहिल्या वाचकांची रीत होती. आजही तसेच करता येईल. समजा, अणदूरच्या एखाद्या घरी रोज रात्री जेवणे झाल्यावर नात एक प्रकरण वाचू लागली आणि आजी ऐकू लागली, तर पाहता पाहता तो ग्रंथ संपेल.

त्या दोघींना त्यात काय मिळेल? यमुना नावाची मुलगी आपली कहाणी स्वतःच सांगते. तिचे लग्न लहानपणीच होते. तिचा पती रघुनाथ तिला प्रेमाने लिहावयास-वाचावयास शिकवितो. मुंबईत त्यांचे काही दिवस सुखात जातात. परंतु पती अकाली मरण पावतो आणि यमुनेचे केशवपन बळजबरीने केले जाते. हे वाचताना नातीचा आवाज अडखळेल. आजीला आपल्या माहेरची एखादी अबोल बाई आठवेल.

अशा मुलींचे दुःख समाजाने पाहिले होते. त्याचा विचार मात्र तो पुढे ढकलीत राहिला. ही कादंबरी पुरी झाल्यावर छत्तीस वर्षांनी, १९२९ साली, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्यात मुलीच्या विवाहाचे वय निदान चौदा ठरले. आज ते अठरा आहे. कायदा झाला तरी सर्व घरांतील रीत एका दिवसात पालटत नाही. म्हणूनच कादंबरीच्या नावातील प्रश्न अजून जुना झालेला नाही. तो प्रत्येक वाचकाला विचारलेला आहे. पुस्तक उशिरा उघडले तरी चालेल. मात्र उघडल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागण्यातून दिले पाहिजे.

शब्दार्थ

सुगी – पीक काढण्याचा हंगाम.
मन कचरणे – धीर न होणे.
केशवपन – विधवेच्या डोक्यावरील केस काढण्याची जुनी रूढी.

स्वाध्याय

१. अणदूर परिसरातील जुन्या पिढीला मराठी ग्रंथांचा सहवास थोडा का लाभला?
२. जाड कादंबरीला भिण्याचे कारण नाही, असे का म्हटले आहे?
३. कादंबरीच्या नावातील प्रश्न अजून जुना का झाला नाही, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. घरातील वडील माणसांना त्यांचे राहून गेलेले एखादे पुस्तक विचारा व त्यातील एक प्रकरण त्यांना वाचून दाखवा.