रेसिंगचा हार्नेस आणि घरची गाडी

चि. भाच्यास,

रेसिंग हार्नेस म्हणजे शर्यतीच्या गाडीतला चार, पाच किंवा सहा टोकांचा पट्टा. दोन पट्टे खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून. पाच-सहा टोकांच्या प्रकारात आणखी एक-दोन मांड्यांमधून येतात. सगळे पोटापाशी एकाच बकलात अडकतात. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला तो शोभतो आणि जीवही वाचवतो. पण पुण्यात नोकरीला लागलेल्या पोराने घरच्या एमएच-११ गाडीचे मूळ पट्टे काढून लाल रंगाचा चार टोकांचा हार्नेस बसवायला घेतला, ही बातमी म्हसवडच्या एसटी स्टँडवर येऊन पोचते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. त्या गाडीच्या मागच्या सीटवर आई बसते.

साध्या गाडीतला तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलीन यांनी १९५९ साली आणला, आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले ठेवले. हा पट्टा एकटा काम करत नाही. धडक बसताच प्रीटेन्शनर तो ताणतो, भार फार वाढला की लोड लिमिटर तो थोडा सोडतो आणि तेवढ्यात पुढे एअरबॅग फुगलेली असते. सीटची पाठ आणि गाडीचे छतही याच हिशेबात धरलेले असते. यातला पट्टा तेवढा बदलला की बाकीच्यांचा मेळ तुटतो.

चार टोकांच्या हार्नेसचा मोठा दोष कमरेशी आहे. मांड्यांमधला पट्टा नसल्यामुळे धडकेत खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात. तो ओटीपोटाच्या हाडावरून सरकून मऊ पोटावर येतो, अंग त्याखालून पुढे घसरते आणि आतडी, यकृत चिरडतात. यावर उपाय म्हणून काही कंपन्या एका खांद्याच्या पट्ट्यात ठरावीक मापाने उलगडणारी शिवण ठेवतात. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या लाल पट्ट्यांत ती नसते.

दुसरा धोका मानेला. खांदे जखडले की पुढे जायला डोके तेवढे मोकळे राहते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत चालक डेल अर्नहार्ट कवटीचा तळ फुटून गेले. त्यानंतर हेल्मेटला बांधायचे हान्स हे मानेचे साधन शर्यतींत सक्तीचे होत गेले. दहिवडीला भाजी आणायला जाताना कोणी हेल्मेट आणि हान्स घालत नाही.

तिसरा धोका छताचा. गाडी उलटली की तीन टोकांच्या पट्ट्यात अंग थोडे कलते. हार्नेसमध्ये माणूस खुंटीसारखा ताठ राहतो आणि दबलेले छत थेट डोक्यावर येते. म्हणून शर्यतीच्या गाडीत हार्नेसबरोबर लोखंडी पिंजरा असतो. तो पिंजरा रोजच्या गाडीत आणला, तर उघडे डोके त्याच नळ्यांवर आपटायचे. एक बदल दुसरा मागतो, दुसरा तिसरा. घरच्या गाडीची शर्यतीची गाडी होते आणि घरच्यांना जागा उरत नाही.

मागच्या सीटचा प्रश्न इथेच येतो. खांद्याचे पट्टे मागे कुठेतरी अडकवावे लागतात, आणि गॅरेजवाले बहुधा मागच्या सीटच्या पट्ट्यांचेच बोल्ट वापरतात. म्हणजे पुढचा चार जागी बांधलेला आणि मागची बाई मोकळी. पन्नासच्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर साठ किलोच्या माणसाला धरून ठेवायला सुमारे १,२०० किलोचा जोर लागतो. हाताने सीट धरून तो येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. मागे बसलेले दोघे विनापट्ट्याचे होते, ते गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गाडीच्या अपघातात गेले, तेही मागच्याच सीटवर होते.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२५ प्रमाणे गाडीतले पट्टे एआयएस-००५ आणि त्यांचे आधारबिंदू एआयएस-०१५ या मानकांचे लागतात. पट्टा लावण्याची सक्ती नियम १३८ मध्ये आहे आणि ती मागच्या सीटलाही आहे. न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे १,००० रुपये दंड. परवानगी नसलेल्या फेरफाराला त्याच कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हार्नेस लावला की मूळ बकल रिकामे राहून गाडी टिकटिकते. मग लोक त्यात खोटी क्लिप खुपसतात. त्या क्लिपांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये आदेश काढले.

ट्रॅकसाठी हार्नेस हवाच असेल, तर त्याची रीत ठरलेली आहे. सहा टोकांचा, एफआयए या जागतिक मोटार शर्यत संघटनेचे लेबल असलेला आणि त्यावर छापलेली मुदत न संपलेला घ्यावा. सीटच्या पाठीला पट्ट्यांसाठी भोके असलेली बकेट सीट हवी. हान्स वापरताना खांद्याचे पट्टे मागे आडवे किंवा फार तर वीस अंश खाली उतरावेत. सीटमागे थेट फ्लोअरला ताणले, तर धडकेत पाठीचा कणा दबतो. नवे भोक पाडले तर मागे किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि ४० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी लागते, कारण खांद्याच्या व कमरेच्या प्रत्येक टोकाने सुमारे दीड हजार किलोचा भार पेलावा अशी एफआयएची अपेक्षा आहे. सीटच्या रुळाला पट्टा कधीही बांधू नये. आणि हे सगळे वेगळ्या गाडीत. घरच्या गाडीचे मूळ पट्टे जागच्या जागी राहावेत.

वेगाची हौस या घराण्यात आजची नाही. वडापच्या जीपला मागे लटकून गोंदवल्यापर्यंत जाणारी पिढी अजून हयात आहे. तेव्हा लटकलेले सगळेच आज हयात नाहीत, एवढे त्या पिढीला रात्री आठवते. म्हणून या पत्रातला राग फार मनावर घेऊ नये. हौस करावी, ट्रॅकवर जावे, पैसे कमी पडले तर मामाला सांगावे.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ आहे. त्याला येताना मूळ पट्टे परत बसवून घ्यावेत, आईचा पट्टा आपल्या हाताने लावावा आणि सावकाश यावे. जेवायला सगळे थांबतील.

मामा